पाण्याचा संशय

नवरा चोरून पाणी पितो, असा मला गेल्या उन्हाळ्यात संशय आला. त्यांच्या किडन्या निकामी आहेत. डायलिसिससाठी आम्ही आठवड्यातून तीनदा हातखंब्याहून रत्नागिरीला जातो. दिवसाचं पाणी मी सकाळीच बाटलीत भरून माझ्या शिलाई मशीनशेजारी ठेवते. त्याहून जास्त गेलं की अंगात साठतं. एकदा ते फुप्फुसात गेलं होतं, आणि मी त्यांना रिक्षात श्वासासाठी धडपडताना पाहिलं होतं. ते मला परत बघायचं नव्हतं.

आणि आता काट्यावर दर वेळी वजन जास्त येत होतं. मशीनने पाणी ओढून माणसाला कुठल्या वजनावर आणायचं, ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. तिथवर येता येता ह्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायचे.

थंडीपासून डायलिसिस सेंटरला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येत होती. मशीनवर पडल्या पडल्या पायाला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायला लावायची. घरी हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं. जेवणात अंडी वाढवायला डॉक्टरांनीही सांगितलं होतं. मला तिचा भरवसा नव्हता. गोळे तिच्यामुळे आणि वजन ह्यांच्यामुळे, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

कोकम सरबताच्या बाटलीवर मी खूण केली. फ्रिजमधला बर्फ तपासला. ते बाथरूममधून आले की जाऊन तांब्या ओला आहे का बघायची. बाथरूममधला तांब्या ओलाच असतो, हे कळायला मला जरा वेळ लागला.

ते जयगडच्या बंदरावर क्रेन चालवायचे. म्हणाले, "तुझ्यापेक्षा गेटवरचा वॉचमन बरा गो. झडती घेऊन सोडायचा तरी."

शेवटी मी त्या मुलीला सांगितलं, "व्यायाम बंद. गोळे येतात त्यांना."

"काकू, पायाला सूज आहे?"

"नाही."

"आडवं झाल्यावर दम लागतो? बीपी वाढतं?"

"दम नाही. बीपी उलट शेवटी पडतं."

"मग हे पाणी नसेल. काका जेवायला लागलेत, अंग भरलंय. ठरलेलं वजन जुनंच, त्यामुळे मशीन नसलेलं पाणी ओढतंय, म्हणून गोळे. डॉक्टरांना बघायला सांगते."

ती असंच म्हणणार. स्वतःच्या कामाला नावं कोण ठेवतं?

घरी आल्यावर मी त्यांना दिवाळीत शिवलेली पॅंट घालायला लावली. मांडीत घट्ट, घोट्याशी सैल. पाणी साठलं की ह्यांच्या घोट्याशी आधी दिसतं. नडगीवर अंगठा दाबून धरला. खड्डा पडला नाही.

"शिवताना चुकलं असेल," ते म्हणाले.

"माझं माप चुकत नाही."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी तपासून ठरलेलं वजन थोडं वर नेलं. गोळे थांबले. व्यायाम चालू ठेवला. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ तेच सगळं करतात, त्यांचं वजन जागचं हललेलं नाही. पण पायऱ्या बऱ्या चढतात म्हणे. म्हणे, कारण मी बघितलेलं नाही.

बाटली अजून माझ्या मशीनशेजारीच असते. पूर्वी मी काम टाकून पाणी न्यायची. आता ते खुर्चीचा हात न धरता उठतात, इथवर येतात आणि स्वतः ओतून घेतात.

"बघून घे," पेला माझ्यासमोर धरून म्हणतात.

मी बघते.