आईचा फॉर्म

"इथलं पाणी कोणी पिऊ नका हं," आमच्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या. हळू नाही, चांगलं खणखणीत. समोर माझी आई ट्रे घेऊन उभी. पाहुण्यांसाठी फळीवर जपून ठेवलेले पाच ग्लास. कोणी हात लावला नाही. मीही नाही.

आम्ही बीएच्या दुसऱ्या वर्षाला. विषय समुदाय मानसशास्त्र. पहिल्याच धड्यात होतं, माणसाचं दुःख नुसतं त्याच्या डोक्यात शोधू नका, तो राहतो तिथे शोधा. वाचून मला रडू आलेलं. कोणीतरी आमच्याबद्दल बोलत होतं. मग प्रोजेक्ट आला आणि मॅडमनी नेमकी आमचीच वस्ती निवडली, वागळे इस्टेटच्या मागची. कॉलेजात मी फक्त 'ठाण्याला राहते' एवढंच सांगायचे. आदल्या दिवशी आईला म्हटलं, "उद्या मला ओळख दाखवू नकोस." ती कंपनीत पॅकिंगला जाते, शुक्रवारी सुट्टी, म्हणजे उद्या घरीच असणार होती. "बरं," म्हणाली आणि ग्लास घासायला घेतले.

फॉर्म माझ्याच हातात होता.

"मुलं किती?" मी विचारलं.

"एकच मुलगी आहे मॅडम. कॉलेजला जाते. लय हुशार आहे."

हे ती दाराकडे बघत म्हणाली. माझी आई मला मॅडम म्हणाली. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

गटातली डोंबिवलीची मैत्रीण भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून "अच्छा" म्हणाली. नुसतं अच्छा. ते अच्छा मी शाळेपासून ओळखते. फॉर्ममध्ये 'आत्मसन्मान' असा रकाना होता. कमी, मध्यम, जास्त. मी अडखळले. "अगं, हे विचारायचं नसतं, बघून भरायचं," म्हणत तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'कमी'वर खूण केली. निघताना वळून पाहिलं, तर आई ग्लासांतलं पाणी दारातल्या कोरफडीला घालत होती.

पुढच्या आठवड्यात वर्गात सादरीकरण. "घर नंबर सात. आत्मसन्मान कमी," मैत्रीण वाचत होती. मी उभी राहिले.

"ते माझं घर आहे. ती माझी आई. ती खूण खोडा."

मॅडम म्हणाल्या, "अगं, असं पर्सनली नको घेऊस."

"आई आहे माझी. पर्सनलीच घेणार."

"प्रोजेक्टचे मार्क जातील तुझे."

"जाऊ देत."

गेले. आईला सांगितलं तर म्हणाली, "मार्क कशाला घालवलेस?" आणि डबा भरून कामावर गेली. तिने मला माफ केलंय का, ते विचारायची हिंमत अजून झालेली नाही. त्या दिवशी त्या घरात आत्मसन्मान कमी होता तो माझा. पाणी न पिणाऱ्यांत मी होते.

आता कुठल्याही दारात गेले तर आधी मी कुठली ते सांगेन. दिलेलं पाणी पिईन. मग विचारेन. आणि न विचारता कोणी खूण करायला पुढे आलं, तर हातातलं पेन सोडणार नाही.