दोन दुधींची सायकल

आमच्या गॅलरीत तीन वर्षं एक सायकल उभी होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते. साधी सायकल नव्हे, टुरिंगची. तंबू, स्टोव्ह आणि बदलायचे कपडे लादून माणसं जिच्यावरून कन्याकुमारीला जातात, ती. नवऱ्याने ती निवृत्तीच्या आधीच घेऊन ठेवली होती. (त्याच्याशी बोलताना मी ‘तुम्ही’ म्हणते, लिहिताना ‘तो’ चालतो, असं माझं मी ठरवलं आहे.)

तयारी म्हणून तो एकदा इथून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या घोटीपर्यंत गेला. आला तो टेम्पोतून, तांदळाच्या पोत्यांवर बसून, आणि शेजारी सायकल आडवी. मग गुडघा आला, गुडघ्याचे डॉक्टर आले, आणि कन्याकुमारी आधी पाऊस संपल्यावर, मग थंडी सरल्यावर, मग ऊन उतरल्यावर अशी ऋतूंच्या मागे फिरत राहिली. आम्ही कोणी विचारत नव्हतो. फक्त माझ्या सासूबाई, मूळच्या सटाण्याकडच्या, अधूनमधून गॅलरीत डोकावून म्हणायच्या, “हाई अजून आठेच शे का?” हे अजून इथेच आहे का, एवढाच साधा प्रश्न. पण नवऱ्याला तो झोंबायचा.

यंदा श्रावणात त्याने एके दिवशी टॉवेल बाजूला केले, सायकल पुसली आणि ती विकायची असं जाहीर केलं. ओळखीतल्या एकाला हवी होती. तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बघायला येणार होता. जागा अडते, धूळ बसते, वस्तू वापरात असावी, असं सगळं नवरा अगदी शहाण्यासारखं बोलला. मात्र त्या दुपारी तो झोपला नाही. जेवणानंतर न झोपलेला नवरा मी पंचवीस-तीस वर्षांत फारसा पाहिलेला नाही.

इकडे माझी अडचण वेगळी होती. माझी स्कूटर मुलगी पुण्याला घेऊन गेली होती, आणि पाव किलो गवारीसाठी रिक्षावाल्याची मनधरणी करायचा मला कंटाळा आला होता. घरात एक धडधाकट वाहन उभं असताना मी पायी का हिंडायचं? दसऱ्यापर्यंत मी चालवते, म्हटलं.

“ही भाजी आणायची सायकल नाही,” तो म्हणाला.

“मग कसली आहे? टॉवेलची?”

त्याने परवानगी दिली, पण एक अट घातली. फ्रेमला कुठे भोक पाडायचं नाही, आणि जे काही लावशील ते काढता आलं पाहिजे. घेणाऱ्याला सायकल होती तशी दिसली पाहिजे. मी कबूल झाले. मनात म्हटलं, दसऱ्यापर्यंत वेळ आहे. हे माणूस सायकल विकणारं नाही, फक्त तसं त्याला अजून कळलेलं नाही.

सायकल चालवणं मला नवीन नव्हतं, शाळा-कॉलेज सायकलवरच झालं. पण हिचं हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. त्यावर ओणवं व्हायचं म्हणजे समोरचा रस्ता दिसायच्या आधी स्वतःचे गुडघे दिसतात. सीट एवढी अरुंद, की बनवणाऱ्याचा माणसाच्या बसण्याबद्दल काही गैरसमज असावा. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून मी सरळ हँडल आणि रुंद सीट बसवून घेतली. जुन्या दोन्ही वस्तू नवऱ्याने वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवल्या. दागिने लॉकरमध्ये ठेवतानाही तो इतका हळुवार नसतो.

मग मडगार्ड. भाद्रपदातल्या एका सरीत पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा घेऊन मी घरी आले, तेव्हा मडगार्डने सायकलची रेषा बिघडते हा नवऱ्याचा मुद्दा सासूबाईंनीच निकालात काढला. कुडता त्यांनी भिजत घातला होता. ओढणी अडकू नये म्हणून चेनगार्ड बसलं. घंटी बसली. ही घंटी नवऱ्याला जरा जास्तच मोठी वाटली. मी म्हटलं, कन्याकुमारीच्या रस्त्यावर नसेल लागत, रविवार कारंजाच्या गर्दीत लागते.

सामानाचा प्रश्न खरा होता. मागे कॅरिअर बसवलं आणि दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या काढल्या. त्या नवऱ्याने सायकलबरोबरच घेतल्या होत्या आणि अजून त्यांना दुकानाचा वास होता. तो त्यांना पॅनिअर म्हणतो. सासूबाईंनी त्या एकदा पाहिल्या आणि ओळखल्या.

“ही तर गोण शे,” त्या म्हणाल्या. “गधडाले लावतस ती.”

त्यांच्या लहानपणी गावातला कुंभार गाढवाच्या पाठीवर अशीच दोन्हीकडे लोंबणारी गोण टाकून माती आणायचा. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात सायकलचं नाव गधडं. मी बाहेरून आले की आतून आवाज यायचा, “गधडं उनं का?” गाढव आलं का? आणि मी सांगायची, आलं.

माझ्या टाचा पहिल्याच दिवशी पेडलच्या प्रत्येक फेरीला त्या पिशव्यांवर आपटायला लागल्या, तेव्हा नवरा गॅलरीतून बघत होता. मी दोन दिवस टाचा आपटत हिंडले. तिसऱ्या दिवशी तो खाली आला, म्हणाला, पिशव्या मागे सरकवायच्या असतात, आणि हुक सैल करून चार बोटं मागे घेतल्या. हे आधी का नाही सांगितलंत, विचारलं. तू विचारलं नाहीस, म्हणाला. तीन वर्षं त्याने टुरिंगबद्दल फक्त वाचनच केलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य त्या दिवशी कामाला आलं.

त्यानंतर त्याला थांबवणं कठीण गेलं. वजन खाली ठेवायचं. जड वस्तू चाकाच्या आसाजवळ. आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं. मी मान डोलवली आणि सगळं विसरले. मग बाजारात एका पिशवीत कांदे-बटाटे आणि दुसरीत मेथीची जुडी टाकली, साइड स्टँड लावलं, सुटे पैसे काढायला वळले, आणि सायकल मखमलाबादहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईच्या टोमॅटोंवर निजली.

बाई शांत होती. टोमॅटो गोळा करता करता म्हणाली, “ताई, तुमची गाडी एका अंगानं उपाशी हाय. तिकडं दुधी टाका.”

मी दुधी टाकला. तरी सायकल कललेलीच, म्हणून आणखी एक टाकला. मग ठीक झाली. तिथून आमच्या घरातलं दुधीपर्व सुरू झालं. कांदे घेतले की दुसरीकडे दोन दुधी. कलिंगड घेतलं की समोर भोपळा. ती भाजीवाली मला लांबून बघूनच दोन दुधी काढून ठेवायला लागली. आम्ही दुधीची भाजी खाल्ली, कोफ्ते खाल्ले, थालीपीठ खाल्लं, हलवा खाल्ला. नवरा ताटाकडे बघून म्हणाला, समतोल म्हणजे वजनाचा, भाजीचा नव्हे. घरून दोन किलोचा दगड नेलास तरी चालेल. मी म्हटलं, दगड वाहून आणायला मी काय गाढव आहे? सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या.

साइड स्टँडचं मात्र त्याने मनावर घेतलं. दूधवाल्यांच्या सायकलला असतं तसं दोन पायांचं लोखंडी स्टँड तो स्वतः शोधून घेऊन आला. टुरिंगवाले हे स्टँड बघून रडतील, असं तोच म्हणाला, आणि तोच पाना घेऊन खाली बसला, गुडघ्यासकट. अशा वेळी बोलायचं नसतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मळ्यावरून झेंडू आणला, दोन्ही पिशव्या भरून. दोन्ही बाजूंना झेंडूच असल्यामुळे त्या दिवशी दुधी आला नाही. सासूबाईंनी हार ओवले आणि गधडालाही एक दिला. नवऱ्याची कुरकुर एवढीच, की कुंकू चेनला लागू देऊ नका. हार हँडलला कसा बांधावा म्हणजे ब्रेकमध्ये जात नाही, हे त्याने मग स्वतःच करून दाखवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. पोटऱ्या दगडासारख्या, अंगात घट्ट जर्सी. त्याने हार, हळद-कुंकू, घंटी, चेनगार्ड आणि दूधवाल्याचं स्टँड असं वरपासून खालपर्यंत पाहिलं. फ्रेमवर टिचकी मारली. फ्रेम चांगली आहे, म्हणाला. बाकीचा हा सगळा पसारा काढून टाकू, स्टँड तर आधी. मूळ हँडल आहे ना?

हँडल कपाटावर होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि ते काढून द्यायला स्टूल लागेल, असा विचार करत होते. अट मीच कबूल केली होती.

नवरा स्टँडकडे बघून म्हणाला, “पसारा म्हणजे? लोड दिल्यावर उभी कशी करणार तुम्ही?”

“टेकवायची भिंतीला.”

“आणि भिंत नसेल तिथे?”

त्यावर पुढची पंधरा-वीस मिनिटं त्याने त्या बिचाऱ्याला वजन, आस, टाचा आणि मेथीच्या जुडीचं सविस्तर सांगितलं. गिऱ्हाईकाने दोनदा घड्याळ पाहिलं. मी दुधीचा हलवा पुढे केला. तो खाऊन, बघू, कळवतो म्हणून तो उठला. नवरा त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेला आणि कळवू नका हे त्याला तिथे कसं सांगितलं, ते मला माहीत नाही. परत आला तो पेपर उघडून बसला.

“विकली का?” मी विचारलं.

“त्याला सायकल कळत नाही,” तो पेपरमागून म्हणाला.

दुपारी जेवून तो नेहमीसारखा गाढ झोपला. संध्याकाळी उठला, पिशव्या अडकवल्या आणि चेन आवाज करते का बघून येतो म्हणून गेला. मला चेनचा कधी आवाज आला नव्हता. बऱ्याच वेळाने खाली घंटी वाजली, गरज नसताना तीन-चारदा. मी गॅलरीतून पाहिलं. दोन पायांच्या स्टँडवर सायकल सरळ उभी होती, तिच्याशेजारी नवरा गुडघा चोळत उभा होता, आणि दोन्ही पिशव्यांतून एकेक दुधी डोकं बाहेर काढून बघत होता. दोन्ही एका मापाचे. निवडायला वेळ लागला असणार.

आतून सासूबाईंनी विचारलं, “गधडं उनं का वं?”

“दोन्ही आली,” मी म्हटलं, आणि कढई घासायला घेतली.