तारेने बांधलेली फळी

गॅरेजात किस्से जुन्या नटबोल्टांसारखे साठतात. फेकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. त्यातला एक डबा आज तुमच्यासमोर उलटा करतो. सगळे किस्से एकाच गाडीचे. शेवट कोणी आधी ओळखला तर अर्धी मिशी काढून जळगावच्या बाजारात फिरेन. लावा डोकं!

गाडी भिलाची. भिला धरणगावचा, भाड्याने गाडी चालवतो. माझी थोरली बहीण सुमनअक्का पण धरणगावलाच दिलेली. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा भिला तिला डायलिसिसला जळगावला आणतो. एक खेप चुकली की अंगात पाणी भरतं, श्वास लागतो. म्हणजे काहीही होवो, गाडी उभी राहून चालत नाही.

*

मे महिन्यात भिला आला. तोंड भाजलेलं.

"आबा, एसीमाईन आग निंघी राहिनी. गॅस बठ्ठा उडी गया."

आपल्याकडे एसीला एकच औषध, गॅस भरा. गड्याने तीन ठिकाणी भरून घेतलेला. मी मीटर लावला, गॅस फुल. कान लावला तर डॅशबोर्डच्या आत टक-टक-टक.

म्हटलं, "भिला, आत पाल बोलते."

दोन दिवस तो डॅशबोर्डवर अंड्याची टरफलं मांडून फिरला. अक्का माळकरी. ती मागच्या सीटवर नाकाला पदर लावून बसायची.

*

मग मलाच लाज वाटली, डॅशबोर्ड खोलला. आत एक डबा असतो. त्यात एक थंडगार जाळी आणि एक इंजिनच्या गरम पाण्याची जाळी. मधे पोस्टकार्डाएवढी फळी. ती इकडे झाली की थंड हवा, तिकडे झाली की गरम. पूर्वी ती आपल्या हाताच्या बटणाने ओढली जायची. आता काडेपेटीएवढी मोटर फिरवते. मोटरचे दाते प्लास्टिकचे. दाते झिजले, मोटर जागच्या जागी टकटकते आणि फळी गरमवर अडकते.

भिलाने सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "मंग गॅस भरानाच ना?"

*

बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून परत लावली की मोटर आपली जागा विसरते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते. कधीकधी फळी सुटते. तेवढ्यापुरतं भिलाला हे शिकवलं. वर माझी फोडणी, "पण दहा मिनिटं तोंडातून शब्द काढायचा नाही."

त्याने दवाखान्याच्या गेटातच बोनेट उघडलं आणि हात बांधून गप्प उभा राहिला. लोकांनी विचारलं काय झालं, हा बोलेना. चौघांनी दया येऊन अक्कासकट गाडी ढकलत पार मागच्या गल्लीत नेऊन सोडली. तरी हा गप्प!

*

धुळ्याहून मोटर मागवली. खोक्यावर इंग्रजी, आणि मी चौथीत शाळा सोडलेली. बसवली, फिरली, पण उलटी. थंड मागा, गरम येतं. पंधरा दिवस भिला लाल खुणेवर बटण ठेवून थंड हवा खात होता.

अक्का म्हणाली, "मुरल्या, लहानपणी सदरा पण तू उलटाच घालायचास."

डायलिसिसनंतर तिला पाण्याचा ग्लास पेलवत नाही. पण मला टोमणा मारायला ताकद कुठून आणते, देव जाणे.

*

मग त्या मोटरचे पण दाते गेले. दुकानदार म्हणे, सुटी मोटर आता मिळत नाही, पूर्ण डबा घ्या, चार दिवस गाडी सोडा. चार दिवस कुठून आणू? तिसऱ्या दिवशी अक्काला मशीनवर जायचंय.

मोटर काढून फेकली. फळी थंडवर ढकलली आणि तांब्याच्या तारेने आवळून बांधली. कायमची. जळगावात हीटर लागतो कोणाला?

हवा अशी आली की अक्काने डोळे मिटून घेतले. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं, "माझ्या भावाने केलंय." आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक.

*

जानेवारीत दवाखान्यातली सिस्टर मला म्हणाली, तुमच्या अक्का हल्ली दर खेपेला उशिरा येतात, मशीन अडकून पडतं. मी भिलाला धरलं. आधी बोलेना. यावेळी मी काही शिकवलं नव्हतं.

मग म्हणाला, "आबा, पाळधीले थांबतस."

"कशाला?"

"अक्कासले उनमा बसाडाले."

सकाळी केळीच्या पट्ट्यातून येताना काचेवर आतून वाफ धरते. रस्ता दिसायला पंखा लावावाच लागतो. पंखा लावला की गार वारा आणि फळी तर बांधलेली. अक्काचे हातपाय लाकडासारखे होतात. मग वाटेत पाळधीच्या चहाच्या टपरीसमोर तिला बाकावर उन्हात बसवायचं. बोटं हलायला लागली की पुढे.

म्हटलं, "अरे, मला सांगायचं ना. तार सोडायला कितीसा वेळ लागतो?"

"मी म्हनू आबाले सांगस. अक्कासनी माले शपथ घाली. अक्का म्हने, मना भाऊनी मनासाठे बांधेल शे, त्याले कळाले नको."

मग खाली बघत म्हणाला, "थांबाना पैसा मी लेस आबा. मना बी धंदा शे."

वीस मिनिटांच्या उन्हाचे, दर खेपेला, अक्काच्या पदरचे शंभर रुपये.