२०६० सालचं नाणं

मित्रांनो, डोकं अजून तापलेलं हाय, म्हणून लिहून राहिलो.

आमच्या गल्लीत चायनीजच्या गाड्यावर दिलबहादूर हा नेपाळी आचारी हाय. माझी लेक परदेशी नाणी जमवते, म्हणून त्यानं तिला त्याच्या गावाकडचं नाणं दिलं. आज दुपारी आम्ही दोघं किराणा दुकानात गेलो, तवा तिनं ते हौसेनं दुकानदार आप्पांना दाखवलं. दिलबहादूरबी तिथं तेल घ्यायला आला होता.

नाण्यावरचे आकडे आपलेच, देवनागरी. आप्पांनी वाचलं, "२०६०! हे साल अजून यायचंय की! नकली हाय. ह्या लोकांचं असंच असतंय."

सगळं दुकान हसलं. लेकीनं गुपचूप नाणं दिलबहादूरच्या हातात परत ठेवलं. तो तेल न घेताच गेला.

मी भडकलो. "आप्पा, नेपाळात विक्रम संवत चालतंय. सत्तावन्न वजा करा, २००३ येतंय. तुमच्या मागच्या कॅलेंडरवरबी संवत छापलेलं हाय. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन त्याच्यावरच करता ना?"

आप्पांनी मान वळवून कॅलेंडर बघितलं. "असंल मग खरं," म्हणले अन् साखर तोलायला लागले.

एवढंच!

आता लेक इचारतीय, "पप्पा, नाणं परत मागू का?"

तुम्हीच सांगा, कोणत्या तोंडानं मागायचं?