मागील वर्षाप्रमाणे

मी आयुष्यात दोन सॉफ्टवेअरांना मनसोक्त शिव्या घातल्या. एकाला ते महाग होतं म्हणून आणि दुसऱ्याला ते स्वस्त होतं म्हणून. स्वस्ताला घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्या खरं तर मला स्वतःलाच लागू होत्या, हे मात्र फार उशिरा कळलं.

लोकांची प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देणं हा माझा व्यवसाय. मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावर माझी एक खोली आहे आणि खाली सुक्या मिरचीचं गोदाम. जिना चढून येणारा प्रत्येक माणूस आधी तीनदा शिंकतो आणि मग नमस्कार करतो. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी हातानं फॉर्म भरले. पुढे सरकारला सगळं संगणकावर हवं झालं, आणि मला ते महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागलं.

ते दर वर्षी नव्यानं विकत घ्यायचं आणि वर त्याच्या चौकशांना उत्तरं द्यायची. परदेशात मालमत्ता आहे का? घोड्यांच्या शर्यतीतून उत्पन्न आहे का? यार्डात पोती तोलणाऱ्या तोलाराला हे विचारताना माझी मलाच लाज वाटायची. आणि सगळ्यांत शेवटी, एकट्या चौकटीत, एक प्रश्न यायचा: ‘करदाता हयात आहे का?’ खाली होय आणि नाही. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नसे. दोनशे माणसांसाठी दोनशे वेळा होय दाबून बोट दुखायला लागलं, तेव्हा मी त्यांच्या मदत केंद्राला फोन लावला.

“मॅडम, ते कंपल्सरी आहे. एकदा रिस्टार्ट करून बघा ना.”

“रिस्टार्ट केल्यावर माणसं मरणार आहेत का?” मी विचारलं. पलीकडून फोन ठेवला गेला.

माझ्याकडे विश्रांतवाडीहून एक गृहस्थ यायचे. चिंचवडच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. भट्टीजवळ तीस वर्षं काढल्यामुळे त्यांचं नाक कामातून गेलं होतं, त्यामुळे माझ्या जिन्यात कधीही न शिंकणारा तो एकमेव माणूस. मी त्यांना साहेब म्हणायची. ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ माझ्याबरोबर वाचत. आकडे सांगताना एकेक अंक सुटा, खणखणीत, आणि झिरो नाही, शून्य.

एकदा तो शेवटचा प्रश्न आला, तेव्हा मी घाईघाईनं बाण तिकडे नेत होते. पण त्यांनी वाचलाच. चष्मा वर केला, क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, “आहे अजून. टाका होय.”

आम्ही दोघं पोटभर हसलो.

त्याच्या पुढच्या वर्षी मी स्वस्तातलं सॉफ्टवेअर घेतलं. यार्डातल्याच एका ओळखीच्या दुकानदारानं त्याची फार तारीफ केली होती. किंमत पाव, आणि प्रश्न जवळजवळ नाहीतच. त्याऐवजी एक मोठं हिरवं बटण होतं आणि त्यावर मराठीत लिहिलं होतं, ‘मागील वर्षाप्रमाणे’. ते दाबलं की पडदा दोन-तीन सेकंद काळा व्हायचा, आणि मग जुन्या सॉफ्टवेअरमधून उचललेली माझी सगळी माणसं गेल्या वर्षीच्या पत्त्यांसकट, कुटुंबासकट, उत्तरांसकट एकाखाली एक उगवायची. काय बदललं असेल तेवढंच आपण दुरुस्त करायचं. मला तर आनंदानं नाचावंसं वाटलं.

त्यात दोष नव्हते असं नाही. छापताना ळ गायब व्हायचा, त्यामुळे धनकवडीचे एक काळे दोन वर्षं नुसते ‘का’ राहिले. शिवाय यादीत अगदी वर एक ‘नमुना ग्राहक’ होता. कंपनीनंच दाखवण्यापुरता घातलेला, पत्ता नाही, कोणी नाही. तो काढून टाकायचा मी खूप प्रयत्न केला, पण तो जाईना. एका वर्षी सहज लक्षात आलं की त्याचं वय वाढतंय. आधी एकोणसाठ होतं, मग साठ झालं आणि सॉफ्टवेअरनं त्याला आपण होऊन ज्येष्ठ नागरिकाची सवलत दिली. कधीच नसलेला माणूस माझ्या संगणकात म्हातारा होत होता. मला ते आवडलं नाही. त्याच्या नावावर मी कागदाची एक चिठ्ठी चिकटवून टाकली, पडद्यालाच.

आता कोणाला जिना चढून यायची गरज उरली नव्हती. मी जुलैत फोन करायची, काय बदल आहे विचारायची, आणि सरकारकडून त्यांच्या मोबाइलवर आलेला सहा आकड्यांचा ओटीपी ते मला सांगायचे. झालं काम. साहेबांना फोन केला तेव्हा त्यांचं नेहमीचं “हां, बोला” आलं.

“नमस्कार साहेब. यंदा काही बदल?”

“काही नाही मॅडम. मागच्या वर्षीप्रमाणेच.”

दोन खोल्यांचं भाडं आणि ठेवींचं व्याज, एवढंच त्यांचं उत्पन्न. बदलणार तरी काय? त्यांनी आकडे सांगितले, मी घातले. पुढच्या जुलैत पुन्हा तसंच. “हां, बोला.” बदल नाही. सहा आकडे. फक्त बोलणं जरा तुटक वाटलं, आणि मी विचारलं, “बरं नाही का साहेब?” तर थोडं थांबून, “ठीक आहे,” एवढंच. मी पुढच्या नावाकडे वळले, कारण यादी लांब होती.

त्यापुढच्या वर्षी आकडे सांगताना तोच आवाज म्हणाला, “चार, एक, झिरो…”

“काय साहेब, इंग्रजी झालात की!” मी चेष्टेत म्हटलं.

पलीकडे एकदम सामसूम झाली. फोन चालू होता, कारण मागे पंख्याची कटकट ऐकू येत होती. आणि कोणीतरी अगदी जवळ श्वास घेत होतं, पण तो श्वास बोलणाऱ्याचा वाटला नाही. मग आवाज म्हणाला, “शून्य. चुकलं. चार, एक, शून्य.”

मी फोन ठेवला आणि का कोण जाणे, खोलीतला दिवा लावला. भर दुपार होती.

चौथ्या वर्षी ओटीपी गेलाच नाही. मी तीनदा पाठवून पाहिला, दर वेळी पडद्यावर ‘पाठवता आला नाही’ एवढंच. मग उरला जुना मार्ग: पावती छापायची, त्यावर करदात्याची सही घ्यायची आणि ती पोस्टानं बेंगळुरूला पाठवायची. मला आळंदी रस्त्यावर एक काम होतंच. म्हटलं, जाता जाता साहेबांची सही घेऊ, खूप दिवसांत भेट नाही. फोन न करताच गेले.

दार साहेबांच्या पत्नीनं, वहिनींनी उघडलं. त्यांना मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. बारीक अंगाच्या, पांढरी साडी, कपाळ मोकळं. मी नाव सांगितलं तशी त्यांनी पटकन दाराची चौकट धरली.

“साहेब आहेत का? एक सही हवी होती,” मी म्हणाले.

“बसा,” त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

बैठकीची खोली लख्ख होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातली ती तसबीर, जिच्याखाली नाव लिहायची गरज नसते. खाली टेबलावर साहेबांचा फोटो, तोच पांढरा शर्ट, पुढ्यात वाटीत मोगऱ्याची फुलं. आणि एक मोबाइल, चार्जिंगला लावलेला. फोटोखाली त्यांचं नाव होतं आणि नावाआधी एक शब्द: ‘कालकथित’.

आमच्यात कै. लिहितात. हा शब्द मी पन्नास वर्षं याच शहरात राहून एकदाही नीट वाचलेला नव्हता. आता सांगायला शरम वाटते, पण मला वाटलं, साहेबांना कुठली पदवी मिळाली असेल. म्हटलं, अभिनंदन करायला हवं. मग नावाखालच्या तारखा पाहिल्या. पहिली मला पाठ होती, दर वर्षी ती माझ्या पडद्यावर यायची, जन्मतारखेच्या रकान्यात. तिच्यापुढे दुसरी होती. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली.

मी तो शब्द पुन्हा वाचला. काल. कथित. आणि नेमक्या त्याच क्षणी आतल्या खोलीतून साहेबांचा आवाज आला.

“बसा मॅडम, आलोच.”

हातातली पावती खाली पडली, ती उचलायला मला वाकता येईना. असं भय मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

आतून तिशीतला एक माणूस आला. टी-शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कानात अडकवलेला हेडफोन काढत. साहेबांचा मुलगा. खराडीला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होता, त्या दिवशी घरून काम करत होता. चेहरा आईचा होता. पण तोंड उघडलं की साहेबच बोलत.

“मीच होतो मॅडम,” तो म्हणाला. “दोन्ही वर्षी.”

वहिनींनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि समोर बसल्या. “त्याला बोलू नका,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं त्याला.”

साहेब जाऊन वीस दिवस झाले होते. वहिनी जेवत नव्हत्या, कोणाशी बोलत नव्हत्या. साहेबांचा मोबाइल टेबलावर होता तो वाजला, मुलानं स्पीकरवर घेतला, सवयीनं “हां, बोला” म्हणाला. आणि मी म्हणाले होते, नमस्कार साहेब, यंदा काही बदल?

“दारात आलेला प्रत्येक माणूस त्यांना ‘होते’ म्हणत होता,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही एकट्या त्यांच्याशी बोललात. मी याला खुणेनं सांगितलं, नाही म्हण. काही बदल नाही म्हण.” त्या दिवशी त्या जेवल्या. त्यानंतर त्यांनी तो मोबाइल कधी बंद पडू दिला नाही. दर जुलैत त्या माझ्या फोनची वाट बघत होत्या. तो श्वास त्यांचा होता.

“पण सही मी करणार नाही मॅडम,” मुलगा म्हणाला. “बाबांची सही मी नाही करायचो.”

त्यांनी बोलायचं नव्हतं ते बोलले, आणि मी विचारायचं होतं ते विचारलं नाही. दोन वर्षं मी एका गेलेल्या माणसाची विवरणपत्रं त्याच्या आवाजाला विचारून भरली होती. खोलीवर परत येऊन मी साहेबांची फाइल उघडली. हयात: होय. मागील वर्षाप्रमाणे. वयाच्या रकान्यात सदुसष्टचे एकोणसत्तर झाले होते. गेल्यानंतर ते दोन वर्षांनी मोठे झाले होते, त्या नमुना ग्राहकासारखे. मी ते बदलायला गेले, तर त्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस गेला हे लिहायला जागाच नव्हती. ‘होय’वर कितीही टिचक्या मारल्या तरी ते होयच राहायचं.

दातओठ खात मी ते महागडं पुन्हा विकत घेतलं. प्राप्तिकर कार्यालयात जाऊन चूक कबूल केली. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग दोन वर्षं तुम्ही बोलत कुणाशी होता?” मी मृत्यूचा दाखला पुढे सरकवला. वारसाचे कागद झाले, चुका निस्तरल्या, ठेवी वहिनींच्या नावावर झाल्या.

शेवटचं काम, साहेबांचं अखेरचं विवरणपत्र, त्यांच्या घरीच केलं, कारण वहिनींनी तसं सांगितलं होतं. लॅपटॉप टेबलावर, फोटोसमोर. तो प्रश्न आला. मी ‘नाही’ दाबलं. सॉफ्टवेअरनं तारीख विचारली, ती वहिनींनी न चाचरता सांगितली. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे आता जुलैत फोन यायचा नाही.”

“येईल की,” मी म्हणाले. “आता विवरणपत्र तुमचं.”

पुढच्या जुलैत मी त्याच नंबरवर फोन लावला. लावण्याआधी मनाशी घोकलं, साहेब म्हणायचं नाही. “हां, बोला,” आवाज आला आणि अंगावर काटा आलाच. “आईला देतो,” आवाज म्हणाला.

वहिनी फोनवर आल्या. मागे पंख्याची तीच कटकट. यंदा काय बदल, हे मी विचारलं नाही. त्यांनी आकडे सांगितले, एकेक सुटा, खणखणीत. शून्यही. मग पडद्यावर ती एकटी चौकट आली. आता मी तो प्रश्न कोणासाठीही न विचारता भरत नाही, समोरचा चिडला तरी मोठ्यानं वाचून दाखवते. त्यांनाही वाचून दाखवला. करदाता हयात आहे का?

साहेबांच्या-माझ्या त्या दिवसाच्या हसण्याबद्दल मी त्या घरात चकार शब्द काढलेला नव्हता. साहेबांनी घरी सांगितलं असेल, दुसरं काय असणार, असं मी स्वतःला अजून समजावते.

“आहे अजून,” वहिनी म्हणाल्या. “टाका होय.”

मी होय टाकलं.