शून्य हरण्या

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि विज्ञान खेड्यापर्यंत पोचवायचं खूळ माझ्या डोक्यात पुरतं शिरलं होतं. चोपडा तालुक्यातल्या एका गावात मी हायस्कूलचा विज्ञान शिक्षक. जळगावला तीन दिवसांचं शिबिर करून आलो होतो. विषाणू पुस्तकातून शिकवू नका, मुलांना त्यांच्याच गावात पाहू द्या, मोजू द्या, नोंदवू द्या, असं तिथे सांगितलं होतं. परतताना एसटीतच मी गावाचा उद्धार करून टाकला.

विषाणू शोधायला लांब जायची गरज नव्हती. गावाभोवती केळी आणि केळीवर हरण्या रोग. पानांवर पिवळे पट्टे उमटतात, पोगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडतो, झाड खुरटतं. हा विषाणू मावा पसरवतो, आणि रोगट झाडाचे कंद लावले तर नवी बागही रोगटच निघते. आमच्या गावात विचारलं तर मात्र हरण्या कोणाच्याच मळ्यात नसे. असायचा तो थंडीचा झटका. कारण ऑक्टोबरातल्या लागवडीसाठी बाहेरगावचे शेतकरी इथून कंद नेत, आणि ज्या बागेचं नाव एकदा निघालं तिकडे मग कोणी फिरकत नसे.

मी शाळेत ठेवलेल्या कार्यशाळेच्या दिवशी मुख्याध्यापकांनी स्वतः कुलूप उघडून शाळेचा एकुलता सूक्ष्मदर्शक बाहेर काढला. विषाणू यात दिसत नाही, पानाच्या पेशी तेवढ्या दिसतील, हे मी तीनदा बजावलं. आठवीची बेचाळीस मुलं रांगेने डोळा लावून गेली आणि बेचाळीसही जणांना विषाणू दिसला. एकाने तर त्याचे पाय मोजले. शेवटी मुख्याध्यापकांनी पाहिलं, त्यांनाही दिसला.

मग प्रत्येकाने आपल्या मळ्यातली शंभर झाडं पाहून त्यात रोगट किती ते लिहून आणायचं होतं. कागद आले. शून्य, शून्य, शून्य. पोरांनी मोजणी बापाला विचारून केली होती. जो दिसूच शकत नाही तो वर्गात सगळ्यांना दिसला होता, आणि जो बांधावरून दिसतो तो कोणालाच दिसला नव्हता. एकाच कागदावर अकरा होते. तो आणणारी मुलगी मागच्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही. म्हणाली, "सर, आमना मळामा अकरा शेतस. मी दोनदा देखं."

मला इतका आनंद झाला की मी अक्कल गहाण ठेवली. भर वर्गात तिची पाठ थोपटली. बाकीचे शून्य खोटे आहेत हे मला ठाऊक होतं. पण नोंद आली तशीच मांडायची असा शिबिराचा नियम होता, आणि काम पाहायला जळगावचे पाहुणे यायचे होते. मी गावाचा मोठा नकाशा रंगवून शाळेच्या व्हरांड्यात लावला. शेतकऱ्यांची नावं गुप्त राहावीत म्हणून मळ्यांना आकडे दिले. ज्या गावात बैलांच्या घुंगरांवरून गाडी कोणाची ते ओळखतात, तिथे ही माझी गुप्तता. नकाशात सगळे मळे हिरवे होते आणि नाल्याकाठचा एकच लाल.

पाहुण्यांनी कौतुक केलं. गावाने तर फारच केलं, कारण हरण्या फक्त एका बागेत आहे हे आता शाळेनेच सिद्ध केलं होतं. कंद घ्यायला आलेल्यांना लोक आधी व्हरांड्यात आणून नकाशा दाखवू लागले. त्या हंगामात मुलीच्या वडिलांच्या मळ्यात कोणी पाऊल टाकलं नाही. शेजारच्या बागेत मी स्वतः रस्त्यावर उभा राहून वीसेक पिवळी झाडं मोजली होती. तिथून गाड्या भरभरून कंद गेले, आणि त्यांच्याबरोबर हरण्याही गेला, शास्त्रीय प्रमाणपत्र घेऊन.

मुलगी शाळेत यायची बंद झाली. आठ दिवस वाट पाहून मी मळ्यात गेलो. तिचे वडील रोगट झाडं मुळासकट उपटून जाळत होते. मी शिकवलेलं अख्ख्या गावात तेवढे एकटेच करत होते. मी माफी मागितली. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाले, "सर, पोर खोटं बोलती तं मी तिले रागे भरतू. खरं बोलनी, आते मी तिले काय सांगू?"

मला लाज वाटली, ती अजून वाटते. सोमवारी त्यांनीच तिला शाळेत आणून सोडलं. मी नकाशा उतरवला, पण तोवर कंदांचा हंगाम संपला होता.

पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी आली. शिबिरवाल्यांना आमची शाळा आदर्श वाटली होती. या खेपेला मुलीच्या कागदावर शून्य होतं. ते खरंही असू शकत होतं, झाडं जाळणारा मळा तो एकच. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच शून्य ना गं?"

तिने मलाच विचारलं, "यंदाबी नकाशा लावशात का, सर?"

"लावावा लागेल," मी म्हणालो. "पाहुणे येणार आहेत."

"मंग शून्य शे," ती म्हणाली.