मैत्रिणीच्या शहराचा कायदा

पुण्याच्या लॉ कॉलेजात मी आणि माझी मैत्रीण एकाच बाकावर बसायचो. हुशार मी, हे तिलाही मान्य होतं. पुढे लग्न करून मी ॲमस्टरडॅमला आले. माझ्या सनदेवर इथे वकिली करता येत नाही, म्हणून एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेली कॉन्ट्रॅक्ट्स तपासते. ती मात्र दुसऱ्याच एका देशात समुद्रकाठी नव्याने वसणाऱ्या एका शहराचे कायदेच लिहिते. तिथल्या सरकारने त्या शहराला स्वतःचे नियम आणि स्वतःचं न्यायालय करून पाहायची मुभा दिली आहे.

मागच्या वसंतात ती आमच्याकडे, ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात, चार दिवस राहायला आली. जेवताना नवरा तिला प्रश्नावर प्रश्न विचारत होता. माझ्या कामाबद्दल त्याने इतकं कधी विचारल्याचं आठवत नाही. माझ्या लेकीने इंग्रजीत विचारलं, तिथे मुलांना मत देता येतं का?

"अजून नाही. पण तू सांग, मी मीटिंगमध्ये मांडते," ती म्हणाली.

लेक हरखली. माझा जळफळाट झाला.

"तुमच्या न्यायालयात न्यायाधीश कोण नेमतं गं?" मी विचारलं.

"शहर बांधणारी कंपनी."

"आणि भांडण कंपनीशीच असलं तर?"

"ज्याला पटत नाही त्याने शहर सोडायचं. करारातच आहे तसं."

"घरदार करून बसलेला माणूस असा कसा उठून जाईल?"

"याचा विचारच केला नव्हता आम्ही," तिने कबूल केलं. मला इतकं बरं वाटलं, की मी तिला आग्रह करकरून श्रीखंड वाढलं.

उन्हाळ्यात तिचा फोन आला.

"तुझा प्रश्न मी बोर्डापुढे ठेवला. महिनाभर भांडले. नोकरी जाते की काय असं झालं होतं. पण आता कंपनीविरुद्धचे खटले बाहेरचे न्यायाधीश चालवणार. मंजूर झालं! तू ये ना इकडे. दोघी मिळून करू."

"बघते," मी म्हटलं. अभिनंदनही केलं, आवाज शक्य तितका गोड ठेवून.

मग सायकल काढली आणि समोरच्या वाऱ्याशी झुंजत लेकीला शाळेतून आणायला निघाले. प्रश्न माझा होता, असं स्वतःला बजावत होते. पण मी तो तिला गप्प करायला विचारला होता. त्याच्यासाठी नोकरी पणाला लावली ती तिने. ते कळत होतं, म्हणून तर तिचा जास्तच हेवा वाटत होता.